कवीला विचारलं होतं का?

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. पुण्याला नोकरी करतो, सणावाराला बेळगावला येतो आणि आला की आमच्याकडे एक चक्कर टाकतोच. फराळाची बशी त्याच्यापुढे ठेवली, तर त्याने आधी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंना एका इंग्रजी गाण्याचे शब्द स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेले होते. म्हणाला, "सर, शाळेत तुम्ही आम्हाला प्रत्येक कवितेचा अर्थ सांगायचात. आता याचाही सांगा. चार वर्षं ऐकतोय, आवडतं फार, पण कळलेलं काहीच नाही."

माझे एम. ए. मराठीचे. तरीही मास्तरकीचा अभिमान जागा झाला. 'ठेव इथे, बघतो,' म्हणालो. तो गेल्यावर कागद उघडून बसलो आणि अर्ध्या तासात घाम फुटला. शब्द बहुतेक ओळखीचे. पण वाक्य झाले की अनोळखी. आपल्याच गल्लीतली माणसे दूरच्या गावी परक्या लग्नात भेटावीत आणि ती इथे कशी हे उमगू नये, तसे.

गाण्याचे नाव 'क्लोज टु द एज'. गाणारा संच इंग्लंडचा, नाव 'यस'. साल १९७२. लांबी साडेअठरा मिनिटांहून अधिक. म्हणजे जुन्या लाँगप्ले तबकडीची एक सबंध बाजू या एकाच गाण्याने व्यापलेली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे शब्द ऐकले असतील. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या प्रेमगीतांचा कंटाळा आला. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतातली मोठी रचना, चर्चमधला ऑर्गन, जॅझची लयकारी असे सगळे गोळा करून लांबलचक गाणी बांधायला सुरुवात केली. त्यांना शब्दही तसेच लागले: पुराणकथांतले, धर्मग्रंथांतले, स्वप्नातले. ही गाणी ऐकून जगभरच्या मुलांना एकच प्रश्न पडत आला आहे. याचा अर्थ काय?

मी शोध सुरू केला. गायक आणि बहुतांश गीतलेखक जॉन अँडरसन. त्याने सांगून ठेवले आहे की, या गाण्यामागे हर्मन हेसे या जर्मन लेखकाची 'सिद्धार्थ' ही कादंबरी आहे. १९२२ची ही कादंबरी. सत्याच्या शोधात निघालेला ब्राह्मणपुत्र अखेर नदीकाठी एका नावाड्याजवळ स्थिरावतो आणि नदीचे ऐकायला शिकतो. (शशी कपूर यांची भूमिका असलेला यावरचा चित्रपट १९७२चाच.) गंमत अशी की, हेसे यांची आई आपल्या केरळात तलश्शेरीला जन्मलेली. आजोबा हर्मन गुंडर्ट यांनी मल्याळमचा शब्दकोश केला. वडील बासेल मिशनचे म्हणून काही काळ मंगळूरला होते; याच मिशनचे काम धारवाड-हुबळीपर्यंत पसरले होते. म्हणजे आपल्या शेजारून निघालेली गोष्ट जर्मनीला गेली, तिथून इंग्लंडला पोचली आणि पन्नास वर्षांनी फुलस्केपवर उतरून माझ्या टेबलावर आली.

मला वाटले, सापडली किल्ली! गाण्याच्या आरंभी पाण्याचा खळखळाट आणि पाखरांचा आवाज आहे, शेवटीही तोच आहे. नदी म्हणजे जीवनप्रवाह, साधक म्हणजे मानव, काठ म्हणजे साक्षात्काराचा उंबरठा. दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहावे तसे सारे सुटसुटीत झाले.

पण मग दुसरी गोष्ट वाचनात आली. हाच अँडरसन अनेकदा सांगत आला आहे की, तो शब्द निवडतो ते पुष्कळदा नादासाठी, रंगासाठी. अर्थ मागाहून येतो. कादंबरी गाण्याच्या मागे आहे हे खरे, पण प्रत्येक ओळीच्या मागे नाही. मी जिथे किल्ली लावत होतो, तिथे काही ठिकाणी कुलूपच नव्हते.

इथे माझ्यातला मास्तर अडला. कर्त्याने जो अर्थ ठेवलेला नाही तो आपण काढावा का? हा प्रश्न मला साहित्याचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो. दुसऱ्याच्या तोंडी त्याने न म्हटलेले घालणे याला एरवी आपण खोटेपणा म्हणतो. मग कवितेच्या बाबतीत त्यालाच रसग्रहण का म्हणायचे?

काही उदाहरणे पाहू. १९६७ साली 'प्रोकोल हारम' या इंग्लिश संचाचे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गाणे गाजले. पुढे येणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉकची ती पहाटच म्हणायची. गीतकार कीथ रीड. त्या गाण्यात एक पिठाच्या गिरणीवाला येतो. बस्स! विद्वानांना चौसर आठवला, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधली गिरणीवाल्याची कथा आठवली आणि तिच्या उजेडात गाण्याचे अर्थ लागू लागले. रीडने मात्र ती कथा आपण वाचलीच नव्हती असे सांगितले. गाण्याची सुरुवात झाली एका मेजवानीत कानावर पडलेल्या वाक्यावरून. तिथे कुणीतरी एका बाईला म्हणाले होते की, तुझा चेहरा किती पांढरा पडला आहे. रीड २०२३ साली वारला. गाणे अजून वाजते आहे आणि चौसरही अजून त्याला चिकटून आहे.

आता 'रीडने चौसर मनात धरून लिहिले' असे जो म्हणेल, तो चूक ठरतो. पण 'हे गाणे ऐकताना मला चौसर आठवतो' असे म्हणणाऱ्याला खोटे कसे ठरवणार? त्याला तो आठवतोच. दोन वाक्यांत फरक एवढासाच, पण तेवढ्यात सचोटी मावलेली आहे.

उलट बाजूची गोष्टही सांगितली पाहिजे. 'जेथ्रो टल' या संचाने १९७२ मध्ये 'थिक ॲज अ ब्रिक' नावाची तबकडी काढली. दोन्ही बाजू मिळून एकच गाणे. तबकडीचे वेष्टण म्हणजे एका गावगन्ना वृत्तपत्राचा हुबेहूब अंक. त्यात बातमी अशी, की जेराल्ड बोस्टॉक या आठ वर्षांच्या मुलाने ही कविता लिहिली, तिला बक्षीस मिळाले आणि मग ते काढून घेण्यात आले. असा मुलगा नव्हताच. सारी करणी गायक इयन अँडरसनची. (वरच्या जॉन अँडरसनचा आणि याचा काही संबंध नाही.) गूढगंभीर गाण्यांची आणि त्यांत खोल अर्थ शोधणाऱ्यांची त्याला टिंगल करायची होती. कित्येकांनी तो मुलगा खरा मानला. पण मजा पुढेच आहे. टिंगल म्हणून केलेले ते गाणे लोकांनी मनापासून ऐकले. वडीलधाऱ्यांच्या जगाला घाबरणारे, त्यात कोंबले जाणारे मूल त्यांना त्यात दिसले. थट्टा करणाऱ्याच्या हातूनही खरे काही निसटून जाते, ते असे.

आम्हा शिक्षकांनी कानाला खडा लावावा अशीही एक कथा आहे. जॉन लेननला १९६७ साली त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचे पत्र आले की, आमचे सर वर्गात तुमच्या गाण्यांचे अर्थ शिकवतात. लेननला हसू आवरेना. ज्या शाळेने आपल्याला उनाड ठरवले, तिथे आता आपले संदर्भासह स्पष्टीकरण चालले आहे! त्या वेळी तो 'आय ॲम द वॉलरस' लिहीत होता. त्याच्या शाळासोबत्याने आठवणींत लिहिले आहे की, त्याने मुद्दाम निरर्थक ओळी घातल्या आणि म्हणाला, आता लावा म्हणावे अर्थ. यातला वॉलरस त्याने ल्युइस कॅरलच्या एका कवितेतून उचलला होता. पुढे १९८०च्या मुलाखतीत लेननने कबूल केले की, मूळ कवितेत वॉलरस हा दुष्ट पात्र आहे हे आपल्या ध्यानातच आले नव्हते! म्हणजे अर्थ लावणाऱ्यांना हसणारा स्वतःही दुसऱ्याची कविता चुकीची वाचून बसला होता. कर्त्यालाही सगळे ठाऊक असते असे नाही.

इथवर सारे गमतीचे. पण याच सुमारास अर्थ लावण्याची एक भयंकर घटना घडली. बीटल्सची १९६८ सालची पांढऱ्या वेष्टणाची तबकडी अमेरिकेत चार्ल्स मॅन्सन नावाच्या माणसाने ऐकली. तिच्यात 'हेल्टर स्केल्टर' नावाचे गाणे आहे. इंग्लंडमध्ये हे जत्रेतल्या गोल घसरगुंडीचे नाव. मॅन्सनला त्यात वंशयुद्धाचे भाकीत ऐकू आले. ही गाणी आपल्यालाच उद्देशून आहेत असे त्याने आपल्या अनुयायांना पटवले, असे सरकारी पक्षाने खटल्यात मांडले. ऑगस्ट १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला दोन रात्रींत सात माणसांचे खून झाले. एका घरात ते घसरगुंडीचे नाव रक्ताने लिहिलेले सापडले.

म्हणून 'ज्याला जो वाटेल तो अर्थ' हे वाक्य मला आता सहज उच्चारता येत नाही. ऐकायला ते उदार वाटते, पण त्यात जबाबदारीचा पत्ता नाही.

मग मोजपट्टी कोणती? याचा विचार करताना मी नकळत घरी परतलो. गूढ गाणे आपल्याला नवे थोडेच आहे! मुक्ताबाईचा मुंगीचा अभंग घ्या, एकनाथांची भारुडे घ्या. आपल्या या दुभाषी मुलखात तर हा वारसा दुहेरी आहे. कन्नडमध्ये अल्लमप्रभूंची 'बेडगिन वचने' आहेत, कनकदासांची 'मुंडिगे' आहेत. शब्द साधे, उलगडता उलगडू नये अशी गाठ मारलेली. आमच्या शेजारचे कन्नड मास्तर आणि मी अनेकदा संध्याकाळी कट्ट्यावर बसून या गाठींवर बोलत असतो. दोघांचे कधी जमत नाही आणि त्यामुळेच गप्पा रंगतात.

या परंपरेत अर्थ सांगण्याची एक रीत होती. कीर्तनकार अभंग घेतो, तासभर त्याचा विस्तार करतो. पण 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' असे म्हणूनच करतो. लहानपणी मला हा उपचार वाटे, नुसती नम्रतेची झूल. आता वाटते, त्या दोन शब्दांत मोठी नैतिक शिस्त आहे. मी सांगतो तो अर्थ माझा आहे. त्याचे उणे माझ्याकडे, संताकडे नव्हे, हे त्यात कबूल केलेले असते. शिवाय अर्थ सांगायचा तो चारचौघांत, मंदिरात, जिथे पुढे बसलेली म्हातारी मान हलवून 'हे काही पटलं नाही, बुवा' असे म्हणू शकते. मॅन्सनच्या टोळीत अशी म्हातारी नव्हती.

या रीतीवरून मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरवल्या. पहिली, मी लावलेला अर्थ शब्दांत कुठेतरी टेकतो का? तो निव्वळ हवेत असेल, तर मी कविता वाचत नाही, स्वतःलाच वाचतो. दुसरी, तो अर्थ मी माझ्या नावावर सांगतो की कवीच्या? कवीने सांगितले असेल तर तसा पुरावा हवा. नसेल तर 'मला असे वाटते' म्हणायला लाज कसली? आणि तिसरी, माझ्या अर्थाची किंमत कुणाला मोजावी लागते? मला एकट्याला, की माझ्या समोरच्या दुबळ्या माणसाला?

या कसोट्या लावल्या की आपल्या एका लाडक्या खोडीवरही बोट पडते. 'यस'च्याच १९७३च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या दोन तबकड्यांच्या संचाची कल्पना जॉन अँडरसनला टोकियोतल्या हॉटेलात सुचली. परमहंस योगानंदांच्या 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी'मधली शास्त्रांविषयीची एक तळटीप तो वाचत होता. श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्र यांवरून चार गाणी झाली, एकूण ऐंशी मिनिटांहून अधिक. हे वाचून आपली छाती लगेच फुगते: पाहा, पाश्चात्त्यांनाही अखेर आपल्या वेदांकडेच यावे लागले! पण ती गाणी ऐकून कुणाला वेदार्थ कळेल, असे मला वाटत नाही. एका तळटिपेवरून एका भाविक मनाने रचलेला तो स्वप्नविस्तार आहे आणि आपला उगम अँडरसनने वेष्टणावरच प्रामाणिकपणे छापला आहे. त्याच्याच संचातल्या रिक वेकमनला हे सगळे पटले नाही. वेकमन स्वतःच सांगतो की, एका कार्यक्रमात ही शास्त्रे चालू असताना तो रंगमंचावर करी खात बसला होता! पुढे १९७४ मध्ये त्याने संच सोडला. दुसऱ्याच्या गाण्यावर आपल्या अभिमानाचा झेंडा रोवणे, हाही न ठेवलेला अर्थ काढण्याचाच प्रकार आहे.

आणि अर्थ न कळताही कविता पोचते, हे तर आपण अनुभवतोच. ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' हा संग्रह १९६७चा. दुर्बोध म्हणून त्यांना किती बोल लावले गेले! पण हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या कवितांना चाली दिल्या आणि ज्या घरांत कवितेचे पुस्तक नव्हते, त्या घरांतल्या बायका स्वयंपाक करता करता त्या गुणगुणू लागल्या. त्यांना कुणी अर्थ विचारला नाही. विचारला असता तर 'काय की बाई, पण पोटात कालवतं,' असे काहीसे उत्तर आले असते. हे उत्तर परीक्षेत लिहिले तर शून्य गुण. तरी ते प्रामाणिक आहे.

परीक्षेचा विषय निघालाच आहे, तर जी गोष्ट सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ करतो आहे ती सांगून टाकतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी नदीवरची एक कविता शिकवली होती. सहामाहीत तिच्यावर प्रश्न घातला: 'कवीला काय सुचवायचे आहे?' उत्तर ठरलेले, जीवन हे नदीसारखे सतत वाहते राहावे. एका मुलीने वेगळेच लिहिले. तिने लिहिले की, नदी दमलेली आहे. सगळे तिच्यात कपडे धुतात, पापे धुतात, देव बुडवतात, पण तुला काय हवे असे तिला कुणी विचारत नाही. म्हणून ती न थांबता पुढे पळते आहे. मी लाल शाईने समासात लिहिले, 'कवीला हे अभिप्रेत नाही', आणि चारपैकी दोन गुण कापले.

पेपर वाटले तेव्हा ती उभी राहिली. आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता, खरेच जाणून घ्यायचे होते. "सर, तुम्ही कवीला विचारलं होतं का?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "खाली बस."

वार्षिक परीक्षेत तिने गाईडातले उत्तर शब्दशः लिहिले. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

आज कसोट्या लावून पाहतो. तिचा अर्थ शब्दांत टेकत होता. न थांबता पळणारी नदी त्या कवितेत होती. तो तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता, घाटावर किंवा कदाचित घरात. त्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागत नव्हती. उलट माझा अर्थ गाईडातला आणि तो मी कवीच्या नावावर खपवला. खोटे कुणी लिहिले असेल, तर ते समासात, लाल शाईने, मी. आणि त्याची किंमत तिने मोजली. आपल्याला जे दिसते ते लिहायचे नसते, एवढे ती माझ्याकडून शिकली.

सुटी संपण्याआधी तो विद्यार्थी पुन्हा आला. "लागला अर्थ, सर?"

मी त्याला हेसे सांगितला, सिद्धार्थ आणि नावाडी सांगितला. जेवढे अँडरसनने स्वतः कबूल केले आहे तेवढे त्याच्या नावावर सांगितले. मग म्हणालो, "अरे, निम्म्याहून अधिक ओळी मला कळल्या नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याला असं पहिल्यांदाच सांगतोय. पण मला काय वाटलं ते सांगतो. ते पाणी सुरुवातीला ऐकलं तेव्हा नुसतं पाणी होतं. मधला सगळा गदारोळ सोसून शेवटी तेच पाणी ऐकलं, तेव्हा आमच्या मार्कंडेय नदीवर लहानपणी वडिलांबरोबर बसायचो ते आठवलं. पाणी तेच, ऐकणारा बदललेला. हा अर्थ माझा. त्याच्यासाठी अँडरसनला जबाबदार धरू नकोस."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, मला वेगळंच वाटतं."

"सांग की."

आणि त्याने सांगितले. ते त्याचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही. मी मध्ये बोललो नाही, एवढेच सांगतो.

ती मुलगी आता चाळिशीकडे आली असेल. तिचे माझ्याकडे दोन गुण येणे आहेत. हा अंक आपल्या भागातल्या घराघरांत जातो. कदाचित तिच्याही घरी जाईल. बाई, तुझा प्रश्न बरोबर होता. मी कवीला विचारले नव्हते.